नवा ट्रान्सपॉन्डर बसवला आणि उंची चुकतेय? या चुका टाळा

उंची चुकीची दिसते अशी तक्रार आली की पहिला दोष नव्या डब्याला, म्हणजे विमानाची ओळख आणि उंची रडारला कळवणाऱ्या ट्रान्सपॉन्डरला, दिला जातो. डबा काढून कंपनीला पाठवायचा, विमान महिनाभर उभं, आणि डबा ‘दोष आढळला नाही’ असा शेरा घेऊन परत! अहो, ट्रान्सपॉन्डर उंची मोजतच नाही. एन्कोडर (हवेच्या दाबावरून उंची काढून देणारं उपकरण) सांगेल ती पुढे पाठवतो. घोळ बहुधा या दोघांच्या मधल्या जोडणीत असतो.

पण आधी तक्रार खरी आहे का ते बघा. एन्कोडर कायम १०१३.२५ हेक्टोपास्कल धरून चालतो. तुम्ही अल्टिमीटरची (पायलटसमोरच्या उंचीमापकाची) दाबाची कळ कितीही फिरवा, एन्कोडरला पत्ता नसतो. उन्हाळ्याच्या शेवटी सोलापुरात क्यूएनएच (समुद्रसपाटीला धरलेला स्थानिक दाब) १००४ असला, तर ट्रान्सपॉन्डरच्या पॅनलवरचा आकडा अल्टिमीटरपेक्षा साधारण २५० फुटांनी जास्त दिसणारच. अल्टिमीटर १०१३ वर आणा, मग तुलना करा. फरक १२५ फुटांच्या आत असेल तर वायरिंगला हात लावू नका. ३०० असेल तर मात्र गंभीर आहे: २०२३ मध्ये पाडलेली सोलापूरच्या सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी जेमतेम तेवढी उंच होती.

जुना एन्कोडर तसाच ठेवून नवा डबा लावताना वायरी उलटसुलट होतात. असे एन्कोडर उंची गिलहॅम कोडमध्ये पाठवतात; त्यात प्रत्येक वायर एक बिट, म्हणजे शून्य किंवा एक, नेते. १००-१०० फुटांचे टप्पे सी-१, सी-२, सी-४ या तीन वायरींवर ठरतात. एका थंडीत सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावर उभ्या विमानात अल्टिमीटर १५०० आणि पॅनलही १५००, म्हणून आम्ही कागदावर सही करून मोकळे झालो. वर गेल्यावर पायलटचा निरोप: ‘मी चढतोय आणि हा उतरतोय!’ सी-१ आणि सी-४ अदलाबदल झाल्या होत्या. अशा वेळी १३०० ला १७०० दिसतं, १४०० ला १६००, १७०० ला १३००, आणि १८०० ला थेट २२००. मधोमध १५०० तेवढं बरोबर! आपल्या विमानतळाची उंचीच दीड हजाराच्या थोडी वर, त्यामुळे हा दोष जमिनीवर सहज लपतो. एकाच उंचीवर तपासून सही करू नका.

काही उंचींवर आकडा बरोबर आणि मधेच गायब होत असेल, तर एखादी वायर तुटलेली किंवा पिन नीट न बसलेली असते. आकडा कधीच येत नसेल तर स्ट्रोबची वायर (एन्कोडरचा आकडा चालू-बंद करणारी) ग्राउंड केली आहे का पाहा. सिरीयल एन्कोडर (एकाच वायरीवरून आकडा पाठवणारा) असेल तर दोन्हीकडचा बॉड रेट, म्हणजे माहिती पाठवायचा वेग, जुळवा. एकीकडे १२०० आणि दुसरीकडे ९६०० असेल तर बोलणंच होत नाही. आणि हो, जुन्या एन्कोडरला गरम व्हायला काही मिनिटं लागतात. स्विच टाकल्या टाकल्या रेघा दिसल्या म्हणून पॅनल उघडू नका.

पॅनलमागे हात घालताना स्टॅटिकची (बाहेरच्या हवेचा दाब आणणारी) नळी टी-जॉइंटवरून निसटते, तेही नेहमीचंच. मग एन्कोडर केबिनमधला दाब वाचतो. स्टॅटिक लाइन उघडली असेल तर गळतीची चाचणी हवीच: नळीतली हवा ओढून १००० फुटांचा फरक करा आणि मिनिटभर थांबा, आकडा १०० फुटांपेक्षा जास्त घसरता कामा नये.

चाचणी पेटीने जमिनीवरचं विमान १०,००० फुटांवर ‘चढवताना’ अँटेना मोकळी सोडू नका. वरून जाणाऱ्या प्रवासी विमानाच्या टीकॅसला (टक्कर टाळायच्या यंत्रणेला) तिथे खरंच कुणीतरी आहे असं वाटतं.