बैठकीला येताना बाजाराची पिशवी आणा

गोव्यात गावच्या भाजीपाल्याचं नियोजन करायला बैठक बोलावली की तेच तिघे-चौघे बोलतात, आणि रोज भाजी आणणाऱ्या बायका मागे भिंतीला टेकून ऐकतात. आम्ही भाषणं टाळून असं केलं:

१. प्रत्येकाने कालच्या बाजाराची पिशवी सोबत आणायची.

२. देवळाच्या सभामंडपात खडूने रेघ ओढायची. एका बाजूला गावठी, दुसऱ्या बाजूला बेळगावची, म्हणजे बाहेरून येणारी. तांबडी भाजी, अळसांदे (गावठी चवळी) इकडे. कोबी, टोमॅटो, गाजर तिकडे. मिरची कुठली यावरच वाद होतो. होऊ द्या, तिथेच माणसं बोलायला लागतात.

३. प्रत्येकाला पाच चिंचोके द्यायचे. भात कापल्यावर आपल्या शेतात जी भाजी होऊ शकेल, तिच्यापुढे ठेवायचे.

४. मोजणी सगळ्यांसमोर. पहिल्या तीन भाज्यांवरच बोलायचं: बियाणं, पाणी, मोकाट गुरं, विकायचं कुठे.

चिंचोके पंच आणि भाटकारांना (जमीनमालकांना) शेवटी द्या. त्यांनी आधी ठेवले की बाकीचे तिथेच ठेवतात. आणि बार्देश तालुक्यात असाल तर शुक्रवार नको, भाजीवाल्या म्हापशाच्या बाजारात असतात.