सांगलीकरांनी मालवाहू जहाजांचे फोटो कसे काढायचे

सांगलीला समुद्र नाही हे खरंय, पण जहाजांच्या फोटोची सुरुवात इथूनच करा असं मी सांगेन. जानेवारी ते एप्रिल तासगाव-पलूस पट्ट्यात द्राक्षाचा एक्स्पोर्ट चालू असतो, पॅकहाऊसच्या दारात चाळीस फुटी रीफर, म्हणजे आत माल थंड ठेवणारे कंटेनर लागलेले असतात आणि त्यातले बरेचसे पुढं मुंबईजवळच्या न्हावाशेव्याला जाऊन जहाजावर चढतात. बंदरात आपल्याला कोण आत सोडणार नाही, पण पॅकहाऊसवाला ओळखीतला निघतोच. पाव्हण्यातला तरी असतो. त्याला विचारून जा, पेट्या रचणाऱ्या बायका, प्री-कूलिंगमधून निघणारी वाफ, दार लावून सील मारणारा माणूस, हे सगळं आधी घ्या.

मग कंटेनरचा नंबर टिपा. चार अक्षरं असतात, त्यातलं शेवटचं बहुतेक यू, आणि पुढं सात आकडे. हा नंबर शिपिंग लाइनच्या साइटवर टाकला की कंटेनर कुठल्या जहाजावर चढणार ते कळतं, आणि त्या जहाजाचं नाव मरीन ट्रॅफिक ॲपवर टाकलं की जहाज आत्ता कुठंय ते नकाशावर दिसतं. म्हणजे तुमच्या गावची द्राक्षं नेणारं जहाज बंदरात कधी लागणार ते सांगलीत बसून समजतं, उगाच मुंबईला हेलपाटा नको. फक्त मालकाला विचारल्याशिवाय नंबर फेसबुकवर टाकू नका, धंद्याची गोष्ट आहे.

आता मुंबई. गेटवेवरून घारापुरीची लाँच पकडा, सोमवार सोडून, कारण त्या दिवशी लेणी बंद असतात. पावसाळ्यात तर नादच करू नका. थोडे जास्त पैसे देऊन वरच्या मजल्यावर बसा. सुटल्या सुटल्या डावीकडं नेव्हीची गोदी लागते, तिथं कॅमेरा खाली ठेवायचा, युद्धनौकांचे फोटो काढायचे नाहीत. पुढं डाव्या हाताला जवाहर द्वीपाला लागलेले तेलाचे टँकर दिसतात आणि बेट जवळ आलं की उजवीकडं लांबवर न्हावाशेव्याच्या क्रेन. सकाळी जाताना ऊन समोरून येतं, फोटो काळेच पडतात, म्हणून खरं काम परतीला करायचं, दुपारनंतर लाँचच्या मागच्या बाजूला उभं राहून बंदराकडं बघत, तेव्हा सूर्य पाठीशी असतो आणि कंटेनरचे रंग खुलून येतात.

सेटिंग फार डोक्याला लावून घेऊ नका. ७०-३०० लेन्स पुरते, शटर १/८०० च्या खाली आणू नका कारण लाँचपण हलते आणि जहाजपण. ट्रायपॉड घरी ठेवा. कॅमेरा कठड्यावर टेकवला की इंजिनची थरथर फोटोत उतरते, त्यापेक्षा कोपर पोटाशी धरा. जहाजावरच मागच्या बाजूला असलेली पांढरी बिल्डिंग उन्हात फटफटीत होते, एक्स्पोजर थोडं कमी करा. मोबाईल असेल तर झूम ओढू नका, लाँच जवळून जाईल तेव्हाच घ्या.

पण नुसतं अख्खं जहाज आडवं काढलं की झालं असं नसतं, पाच फोटोंनंतर सगळी सारखीच दिसायला लागतात! जहाज काय करतंय ते बघा. खालचा लाल रंग आणि पुढचं बोंडासारखं नाक पाण्याबाहेर दिसत असेल तर जहाज रिकामं किंवा हलकं आहे. पुढच्या आणि मागच्या टोकाला उभे आकडे असतात, त्यावरून किती बुडालंय ते कळतं. मधोमध एक गोल आणि त्यातून आडवी रेघ असते, शेजारी टी, एस, डब्ल्यू अशी अक्षरं, म्हणजे उष्ण समुद्रात, उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात कितीपर्यंत भरायचं त्याच्या खुणा. अर्धा पांढरा अर्धा लाल झेंडा दिसला की समजा पायलट, म्हणजे जहाजाला बंदरात वाट दाखवणारा माणूस, वर आहे, म्हणजे जहाज हलतंय किंवा हलणार, आता टग बोटींवर, म्हणजे मोठ्या जहाजाला ओढणाऱ्या-ढकलणाऱ्या छोट्या बोटींवर नजर ठेवा. आणि फ्रेममध्ये माणूस घ्याच. दोरीच्या शिडीवरून चढणारा पायलट, बाजूला टांगून रंग मारणारा खलाशी, एवढासा ठिपका असला तरी चालतो, त्याच्यामुळंच जहाज किती अवाढव्य आहे ते कळतं.

मुंबई नको असेल तर आंबा घाट उतरून हातखंबा, निवळी करत जयगडला जा. तिथं कोळसा आणि लोखंडाच्या खनिजाची मोठी जहाजं येतात. किल्ल्याच्या बाजूनं आणि तवसाळच्या फेरीबोटीतून बघायला मिळतं, गाडीसकट बोटीत चढता येतं. इथं समुद्र पश्चिमेला, म्हणजे मुंबईच्या उलटं गणित, सकाळी पाठीमागून ऊन आणि संध्याकाळी नुसती काळी आकृती. मला संध्याकाळचे ते फोटो आवडत नाहीत, कॅलेंडरवर शोभतात, त्यात काम काहीच दिसत नाही.

गेटजवळ सिक्युरिटीनं हटकलं तर वाद घालत बसू नका, बंदरं संरक्षित क्षेत्रात येतात. ड्रोन तर परवानगीशिवाय अजिबात नाही.

घरी आल्यावर लेन्स पुसा, खारं वारं काच खराब करतं. आणि फोल्डरला जहाजाच्या नावाऐवजी मागच्या बाजूला लिहिलेला सात आकडी आयएमओ नंबर द्या. जहाज विकलं की नाव, झेंडा, रंग सगळं बदलतं पण हा नंबर तोच राहतो, त्यामुळं तीन वर्षांनी तेच जहाज दुसऱ्या नावानं आलं तरी तुमच्या जुन्या फोटोंशी लगेच जुळवता येतं.