घरी स्पीकर आणि रॅक बनवताय? या चुका टाळा, माझ्या सगळ्या करून झाल्यात

"काका, बॉक्स तयार आहे, आता यात कोणता स्पीकर घालू तेवढं सांगा."

हे वाक्य ऐकलं की माझा चहा तिथेच गार होतो. इंदूरला आमच्या सुदामा नगरात मी "ते स्पीकरवाले काका" म्हणून ओळखला जातो, कारण गेली पंधरा-सोळा वर्षं गच्चीवरच्या खोलीत लाकूड कापत बसलोय, आणि त्यामुळे दर दिवाळीच्या सुट्टीत कोणाचा ना कोणाचा मुलगा डबा उचलून दारात हजर असतो. डबा दिसायला झकास असतो हो, वरून सनमायकाही लावलेला असतो. पण आधी डबा आणि मग स्पीकर म्हणजे आधी बूट घेऊन मग पाय शोधायचा प्रकार आहे.

डब्याची भानगड

स्पीकर वाजतो तो आतल्या हवेच्या भरवशावर. मागे कोंडलेली हवा स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याला स्प्रिंगसारखी धरून ठेवते, आणि ती स्प्रिंग किती कडक हवी हे ड्रायव्हर (म्हणजे डब्यात बसवायचा सुटा स्पीकर) ठरवतो, तुमचा सुतार नाही. प्रत्येक ड्रायव्हरचे तीन आकडे बघायचे, एफएस (पडदा आपणहून कोणत्या सुराला डोलतो), क्यूटीएस (ते डोलणं किती आवरलं जातं) आणि व्हीएएस (पडद्याच्या टेकूइतकी लवचीक हवा किती लिटर). थील आणि स्मॉल या दोघांच्या नावाने ते ओळखले जातात आणि हे आकडे टाकले की कुठलंही फुकटचं सॉफ्टवेअर डब्याचं माप देतं. माझा ढोबळ हिशोब असा, क्यूटीएस 0.3 ते 0.4 च्या आसपास असेल तर पाइपवाला डबा (ज्याला हवा आतबाहेर करायला पाइप असतो), 0.5 च्या वर गेला की बंद डबा. महाराणी रोडवर (आमचा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) सुटा ड्रायव्हर घेतलात तर त्याच्यावर वॉट सोडून काहीच लिहिलेलं नसतं, तेव्हा आकडे घरी मोजा (एक रेझिस्टर आणि कॉम्प्युटरचं साउंड कार्ड पुरतं), आणि ते जमत नसेल तर गुपचूप बंद डबा करा. बंद डबा चूक झाली तरी सांभाळून घेतो, पाइपवाला घेत नाही.

आता मागच्या वर्षीची गोष्ट. शेजारच्या गल्लीतला एक मुलगा, इंजिनिअरिंगला आहे, हुशार आहे, पण घाई इतकी की फेविकॉल सुकायच्या आत पॉलिश पेपर घासायला घेणार. त्याने मात्र ड्रायव्हरचे आकडे काढले होते, सॉफ्टवेअर चालवलं होतं, म्हणून मी खूश झालो. सॉफ्टवेअरने 17 लिटर सांगितलं, याने 300 बाय 220 बाय 260 मिलिमीटरचा डबा केला, गुणाकार करून बघा, बरोब्बर 17 लिटर येतात. फक्त माप बाहेरून घेतलं होतं. 18 मिलिमीटरचा एमडीएफ (लाकडाच्या भुशाची दाबलेली फळी), म्हणजे प्रत्येक बाजूने दोनदा 18 गेले, आत उरलं 264 बाय 184 बाय 224, म्हणजे 11 लिटरसुद्धा पूर्ण नाही. त्यातून मॅग्नेट, पाइप आणि मधली आडवी पट्टी वजा केली तर जेमतेम 10. सतरातले सात लिटर त्याने लाकडाला दान केले आणि त्याला पत्ताच नाही.

आणि गंमत इथे संपत नाही, कारण पाइपची लांबी पण त्याने 17 लिटर धरूनच कापलेली होती, दोन इंची पीव्हीसी, सव्वातेरा सेंटीमीटर, डबा 45 हर्ट्झच्या खालच्या सुराला घुमावा म्हणून. तोच पाइप 10 लिटरच्या डब्यात 58-59 हर्ट्झवर जाऊन बसतो. मी अमीर खाँसाहेबांचा एक विलंबित लावला, तर डग्गा घुमायच्या ऐवजी सिंटेक्सच्या टाकीवर कोणी थाप मारावी तसा ढब्ब ढब्ब. तो म्हणाला, "काका, बेस तर जोरात आहे की." म्हटलं बाबा, बेस नाहीये हा, एकच सूर आहे, सगळी गाणी याच सुरात वाजतील. मग पाइप लांब करू म्हणाला. 10 लिटरमध्ये 45 आणायचे तर पाइप लागतो 25 सेंटीमीटर आणि डब्याची आतली खोली साडेबावीस सुद्धा नाही. एल्बो लावून वळवता आला असता, पण त्याने सगळ्या बाजू चिकटवून वरून स्क्रू मारून वरून रंग पण दिला होता, स्पीकरच्या भोकातून हात घालून काय करणार? शेवटी त्याच पाइपात जुना मोजा घट्ट कोंबला. हसू नका, खरंच चालतं, पाइप बंद झाला की डबा बंद डब्यासारखा वागायला लागतो, खालचा बेस थोडा जातो पण ती ढब्ब ढब्ब थांबते. अजून तसाच वाजवतो तो, निळा मोजा आहे.

माझी सवय सांगतो. प्रत्येक फळीवर पेन्सिलने "आत" आणि "बाहेर" लिहायचं आणि वहीत फक्त आतलं माप लिहायचं, बाहेरचं लिहायचंच नाही. आणि फळ्या घरी जिगसॉने कापायच्या नाहीत. प्लायवाल्याच्या मशीनवर जेवढ्या एका रुंदीच्या पट्ट्या आहेत तेवढ्या एकाच सेटिंगमध्ये कापून घ्यायच्या, मग माप अर्धा मिलिमीटर चुकलं तरी सगळ्यांचं सारखंच चुकतं आणि सांधा बसतो. घरी कापलेल्या डब्याचे चारही कोपरे वेगवेगळं मत मांडतात.

एमडीएफच्या कापलेल्या कडा पावसाळ्याच्या आत सील करा, फेविकॉलमध्ये थोडं पाणी घालून दोन हात मारले तरी चालेल, नाहीतर जुलैत कडा पावासारख्या फुगतात आणि मग कितीही घासा.

आतले सांधे भरायला सिलिकॉन वापरत असाल तर व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं नको, ती वाफ तांबं खाते. न्यूट्रल मागा. हवा कुठून सुटतेय ते बघायला मी उदबत्ती लावतो, खालचा एक सूर सतत वाजवायचा आणि सांध्यासांध्यावरून उदबत्ती फिरवायची, जिथे धूर थरथरतो तिथे भोक. बायको म्हणते स्पीकरची पूजा चाललीये, म्हणू दे.

बेस कुठे गेला

ही दुसरी चूक दुसऱ्या कोणाची नाही, माझीच आहे, आणि मला ती दोन आठवडे आणि एका नव्या अँप्लिफायरच्या किमतीला पडली.

माझी दुसरी जोडी होती ती. गणपतीत आरतीला आणि संध्याकाळच्या भजनाला वाजवायची म्हणून हौसेने केलेली. एकेक वाजवून बघितला, दोन्ही मस्त. दोन्ही एकत्र लावले तर आवाज पातळ, पाणी घातलेल्या ताकासारखा. मी ठरवून टाकलं की अँप्लिफायर कमी पडतोय. मोठा आणला. तसंच. मग वाटलं खोलीचा दोष, म्हणून सोफा हलवला, पडदे लावले, स्पीकर कोपऱ्यात नेले, परत आणले. शेवटी आई, जिला यातलं काडीचं कळत नाही, ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "अरे, हा माणूस मधून का नाही गात? कधी इकडून गातो, कधी तिकडून, मध्ये कोणीच नाही."

तेव्हा डोक्यात ट्यूब पेटली. एका डब्याच्या आत वायर उलटी जोडलेली होती. एकाचा पडदा बाहेर येतो तेव्हा दुसऱ्याचा आत जातो, एक हवा ढकलतो आणि दुसरा ओढून घेतो, मग खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. एकेकटा स्पीकर वाजवला तर हे कळतच नाही, कारण भांडायला दुसरा कोणी नसतो. दोन वायर अदलाबदल केल्या, पाच मिनिटं, खर्च शून्य. नवीन अँप्लिफायर भावाला दिला. त्याला अजून वाटतं मी दिलदार आहे.

आता मी डब्यात बसवायच्या आधी प्रत्येक वूफरला (खालचे सूर वाजवणारा मोठा ड्रायव्हर) दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकवतो. सेलचं प्लस ज्या टोकाला लावल्यावर पडदा बाहेर येतो ते टोक प्लस, तिथे नेलपॉलिशचा ठिपका. कंपनीच्या लाल ठिपक्यावर स्वस्त मालात भरवसा ठेवू नका, मी एकाच खोक्यातून निघालेले दोन ड्रायव्हर उलटसुलट ठिपक्यांचे बघितलेत. सेल क्षणभरच, दाबून धरून बसू नका, आणि ट्वीटरवर (वरचे सूर वाजवणारा छोटा ड्रायव्हर) हा प्रयोग नको.

वॉट, ओहम वगैरे

अँप्लिफायरवर पीएमपीओ (जाहिरातीपुरते फुगवलेले वॉट) लिहिलं असेल तर तो आकडा वाचूच नका. "100 वॉट" लिहिलेला छोटा क्लास डी बोर्ड (अँप्लिफायरचं तयार सर्किट) आणतात आणि त्याला घरात पडलेला 12 व्होल्ट 2 अँपिअरचा अडॅप्टर लावतात. बारा दुणे चोवीस, म्हणजे अडॅप्टरच्या पोटात एकूण चोवीस वॉट आहेत, बोर्ड शंभर आणणार कुठून? मग आवाज फाटतो, फाटलेला आवाज अजून वाढवतात आणि ट्वीटर जळतो, आणि दोष ट्वीटरवर.

8 ओहमचे दोन वूफर समांतर जोडले की 4 होतात, 4 चे दोन जोडले की 2. बहुतेक बोर्डांना 2 झेपत नाही. आणि मल्टीमीटरवर 8 चा स्पीकर 6 च्या आसपास दाखवतो, तो खराब नाहीये, परत करायला धावू नका.

ट्वीटरला कपॅसिटर लावल्याशिवाय जोडायचं नाही. 8 ओहमला 4.7 मायक्रोफॅरड लावला तर साधारण 4200 हर्ट्झच्या खालचा आवाज उतरत जातो, तिथून सुरुवात करा आणि कानाने ठरवा. कपॅसिटर नॉन-पोलर (प्लस-मायनस नसलेला) हवा, पॉवर सप्लायचा उचलून लावू नका.

महागडी वायर घेऊ नका. दीड स्क्वेअर मिलिमीटरची घरगुती वायर घ्या आणि उरलेल्या पैशाची सराफ्यात जाऊन रबडी खा.

रॅक

रॅकला, म्हणजे अँप्लिफायर वगैरे ठेवायच्या मांडणीला, लोक स्पीकरइतका मान देत नाहीत म्हणून तिथे चुका जास्त होतात. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात सरळ म्हणजे चार चूडीचे रॉड, चार फळ्या, आणि नट-वॉशर. (पुण्याहून आलेल्या मेव्हण्याला एकदा सियागंजात रॉड आणायला पाठवलं, तो दुकानात "आटेवाला रॉड" मागत बसला. दुकानदार म्हणाला, "भिया, आटा आगे मिलेगा." इकडे चूडी म्हणा.) चार फळ्या, चार रॉड, प्रत्येक ठिकाणी खाली एक वर एक, म्हणजे 32 नट आणि 32 वॉशर. सोळा नट घेऊन येणारे लोक मी बघितलेत, मीही त्यातलाच. रॉड कापायच्या आधी त्यावर एक नट चढवून ठेवा. कापल्यावर तो नट फिरवत टोकावरून बाहेर काढायचा, कापताना चेपलेली चूडी तोच साफ करतो. हे नाही केलं तर कानस घेऊन अर्धा तास बसा.

फळी 12 मिलिमीटरची घेऊन पैसे वाचवू नका. तेवढ्याच वजनाला 12 ची फळी 18 पेक्षा सव्वातीन पटीहून जास्त वाकते, आणि दोन टेकूंमधलं अंतर दुप्पट केलं तर आठ पट. घरचे बहुतेक अँप्लिफायर 17 इंच रुंद असतात, तेव्हा रॉडच्या आतून आतून 19 तरी ठेवा. खोली मोजताना मागे लागलेल्या वायरींसकट मोजा, तीन-चार इंच जास्तीचे. माझा पहिला रॅक भिंतीला टेकवल्यावर अँप्लिफायर पुढे जिभेसारखा बाहेर यायचा, आणि येणारा प्रत्येक पाहुणा त्यावर हात टेकवून उभा राहायचा. अँप्लिफायर सगळ्यात वर, डोक्यावर काही नको. मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशीच्या वर असतो, त्यात त्याच्यावर रुमाल आणि गणपतीचा फोटो ठेवलात तर तो हात टेकणार.

आणि शेवटचं, ज्यावर मी भांडायला उठतो. सगळं जोडलं की हम्म्म असा आवाज येतो, मग कोणीतरी जाणकार सांगतो अर्थची पिन तोडून टाक, आवाज जाईल. आवाज जातो, खरं आहे. पण उद्या आत वायर सुटून धातूच्या पेटीला लागली तर 230 व्होल्ट जायला तुमच्याशिवाय दुसरी वाट राहत नाही. त्या तीन पिनांमधली ती एक मुद्दाम जाड आणि लांब केलेली आहे, शोभेसाठी नाही. आधी सगळे प्लग एकाच बोर्डात लावून बघा. मग टीव्हीच्या केबलची वायर काढून बघा, माझ्याकडे आलेल्या बऱ्याच केसमध्ये चोर तीच निघाली. मग आवाजाच्या वायरी विजेच्या वायरींपासून लांब करा, ओलांडायच्याच असतील तर आडव्या ओलांडा, जोडीने बांधू नका. पिन तोडलेला प्लग घेऊन कोणी माझ्याकडे आला तर आधी तो प्लग बदलतो, मग बोलतो.

ड्रायव्हर बसवताना पडद्यावर पुठ्ठा धरा, मॅग्नेट स्क्रूड्रायव्हर ओढून घेतो आणि तो सरळ पडद्यातून आरपार जातो. एका संध्याकाळी दोन पडदे फाडलेत मी.

पाइपाच्या आतल्या तोंडाला मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा लावा. गच्चीवरच्या खोलीत एका पालीने माझ्या डाव्या स्पीकरात संसार थाटला होता, आणि मी आठवडाभर क्रॉसओव्हर (वूफर आणि ट्वीटरमध्ये आवाज वाटून देणारं सर्किट) तपासत बसलो होतो.