प्रोग्रामचं आउटपुट फाइलमध्ये जातच नव्हतं, शेवटी असं जमलं

लिनक्सवर पायथनचा एक प्रोग्राम रात्रभर चालवायचा होता आणि स्क्रीनवर जे दिसतं ते सगळं फाइलमध्ये हवं होतं. > नोंद (नोंद हे फाइलचं नाव) असं कमांडच्या शेवटी लिहिलं, तर एरर स्क्रीनवरच येत राहिले आणि फाइल उघडली तर 0 बाइट. दोन रात्री वाया गेल्या, खूप चिडचिड झाली.

आधी 2>&1 > नोंद असं करून बघितलं, एरर तरीही स्क्रीनवरच. कारण शेल (कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम) हे डावीकडून उजवीकडे वाचतं, 2 ला (म्हणजे एररच्या मार्गाला) सांगितलं की 1 (साध्या आउटपुटचा मार्ग) जिथे जातोय तिथे जा, आणि तेव्हा 1 अजून स्क्रीनकडेच होता ना! म्हणून क्रम असाच पाहिजे, आधी > नोंद आणि मग 2>&1.

एरर आले फाइलमध्ये, पण प्रिंटच्या ओळी अजून गायब. खरी गोम इथे होती. स्क्रीनवर आउटपुट ओळीओळीने बाहेर पडतं, फाइलकडे वळवलं की आधी बफरमध्ये (मेमरीतल्या तात्पुरत्या साठ्यात) साठतं आणि तो भरला किंवा प्रोग्राम नीट संपला की मगच लिहिलं जातं, मधेच किल केला (जबरदस्तीने बंद केला) तर साठलेलं सगळं जातं. उपाय म्हणजे पायथन३ नंतर, स्क्रिप्टच्या नावाच्या आधी, डॅश आणि लहान लिपीतला यू (-u) टाकायचा, म्हणजे आउटपुट साठून न राहता लगेच लिहिलं जातं (स्क्रिप्टच्या नंतर टाकला तर तो स्क्रिप्टलाच जातो, पायथनला नाही), मग > नोंद, शेवटी 2>&1.

जुनी नोंद ठेवायची असेल तर > ऐवजी >> वापरा, एकेरी खूण आधीची फाइल पुसून टाकते.