चावी दिली तरी नाव आपलंच: गाडी भाड्याने देताना या चुका टाळा

सोमवारी सकाळी गाडी परत आली तेव्हा ती स्वच्छ धुतलेली होती. नेणारा मुलगा नम्र, वेळेवर आलेला, पेट्रोलही भरून आणलेलं. मी समाधानाने ॲपवर ‘गाडी सुस्थितीत मिळाली’ अशी नोंद करून टाकली. संध्याकाळी डिकीतली मॅट उचलली तर खाली ओली वाळू. चाकाच्या कमानीत हात घातला तर तिथेही वाळू, आणि खालच्या पत्र्यावर वाळलेल्या मिठाचे पांढरे डाग. गाडी अलिबागकडे किनाऱ्यावर, थेट लाटांत घातली होती. पंधरा दिवसांनी मागच्या चाकातून घरघर यायला लागली. बेअरिंग गेलं होतं. भरपाई मागितली तर उत्तर आलं, की गाडी नीट मिळाल्याची नोंद तुमचीच आहे.

पुण्यात अशी कितीतरी घरं आहेत जिथे गाडी आठवड्यातले पाच दिवस सोसायटीत धूळ खात उभी असते आणि हप्ता मात्र दर महिन्याला जातो. ॲपवर गाडी टाकली की त्याच गाडीतून चार पैसे येतात, हा विचार कुणालाही पटेल. 2013 मध्ये बेंगळुरूत सुरू झालेली झूमकारही आधी स्वतःच्या गाड्या भाड्याने द्यायची, पुढे तिने लोकांच्या खासगी गाड्या यादीत घ्यायला सुरुवात केली. तेव्हापासून हा विषय घराघरात आला. पण चावी अनोळखी माणसाच्या हातात गेली तरी आरसी बुकावरचं नाव आपलंच राहतं. चलन, अपघाताचा दावा, पोलिसांचा फोन, सगळं त्या नावाच्या मागे येतं. खालच्या बहुतेक चुका हे विसरल्यामुळेच होतात.

विम्याचा कागद न वाचणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे, म्हणून आधी हीच. आपली पॉलिसी काढा आणि ‘वापराच्या मर्यादा’ असा भाग शोधा. खासगी कारच्या पॉलिसीत तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं की भाड्याने किंवा मोबदला घेऊन केलेला वापर विम्यात बसत नाही. शर्यत, वेगाची चाचणी, मालवाहतूक यांच्याच रांगेत हा वापर बसवलेला आहे. ओळ लहान असते, पण दावा नाकारायला तेवढी पुरते.

गाडीचं नुकसान झालं तर एक वेळ आपण खिशातून भरू. खरा धोका तिसऱ्या माणसाचा आहे. भाड्याने नेलेल्या गाडीने रस्त्यावरच्या कुणाला उडवलं, तर मोटार अपघात न्यायाधिकरणात चालकाबरोबर मालकही प्रतिवादी होतो. शर्तभंग झाला असेल तर कोर्ट कधी कधी विमा कंपनीला सांगतं, आधी जखमीला पैसे द्या आणि मग मालकाकडून वसूल करा. जखमी माणसाच्या दृष्टीने हे योग्यच आहे. मालकाचं मात्र आयुष्यभराचं नियोजन त्यात कोलमडू शकतं. 2018 च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने गाडी विकून टाकलेल्या, पण नाव न बदललेल्या नोंदणीकृत मालकालाच भरपाईला जबाबदार धरलं. विकलेल्या गाडीचं जिथे असं होतं, तिथे दोन दिवस भाड्याने दिलेल्या गाडीचं काय होईल?

‘आमच्याकडे संरक्षण योजना आहे’ असं ॲप चालवणारी सेवा सांगते तेव्हा तीन गोष्टी लेखी विचारा. ही खरी विमा पॉलिसी आहे की कंपनीने आपणहून दिलेलं आश्वासन? विमा कंपनीचं नाव आणि पॉलिसी क्रमांक काय? तिसऱ्या व्यक्तीच्या मृत्यूची किंवा दुखापतीची जबाबदारी त्यात आहे का? मी आपल्या विमा कंपनीलाही मेल केला. एका ओळीत उत्तर आलं: भाड्याच्या वापरावर दावा मान्य होणार नाही. ते वाचून मी गाडी यादीतून काढली.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींना हे विचित्र वाटेल, कारण कॅलिफोर्नियाने 2010 मध्येच यासाठी वेगळा कायदा केला. गाडी भाड्यावर असताना नुकसानीची जबाबदारी तिथे गाडी-वाटप सेवेवर येते. आपल्याकडे तशी तरतूद नाही, त्यामुळे तिकडच्या नातेवाइकाचा अनुभव ऐकून इथे निर्णय घेऊ नका.

पाटीचा रंग गौण समजणं

पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे खासगी गाडी. पिवळ्यावर काळी म्हणजे टॅक्सी. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं म्हणजे स्वतः चालवायला भाड्याने द्यायची गाडी, गोव्यात दाबोळीहून बाहेर पडलं की सगळीकडे दिसते ती. 1989 च्या ‘रेंट अ कॅब’ योजनेत परवान्यासाठी किमान 50 गाड्यांचा ताफा लागतो, म्हणजे एका गाडीच्या मालकाला तो परवाना स्वतःच्या नावावर मिळत नाही. पांढऱ्या पाटीची गाडी पैसे घेऊन दिली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 66 चा, परवान्याचा प्रश्न येतो. 2019 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना वापराला पहिल्याच वेळी 10 हजार रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद अशी तरतूद आहे. हे मी घाबरवायला लिहीत नाही. पण ‘हजारो लोक करतात, म्हणजे चालत असेल’ हे उत्तर आरटीओच्या निरीक्षकापुढे चालत नाही. नियमाने करायचं असेल तर परवानाधारक व्यावसायिकाशी करार करून, गाडीची नोंदणी बदलून करा. कर्ज चालू असेल तर आधी बँकेचा करारनामा वाचा. खासगी वापरासाठीच्या कर्जात व्यावसायिक वापराला बहुतेक वेळा मनाई असते.

देताना आणि घेताना घाई करणं

ज्यांनी वरचं सगळं निस्तरलं आहे किंवा ज्यांची गाडी आजही यादीत आहे, त्यांच्यासाठी हा भाग. भांडणं होतात ती याच दहा मिनिटांवरून.

फोटो चार बाजूंचे काढून थांबू नका. एकच सलग व्हिडिओ घ्या, सुरुवातीला मीटर दिसू द्या, किलोमीटर आणि पेट्रोलचा काटा दोन्ही. मग बंपरचे खालचे कोपरे, रिम, टायरच्या बाजूच्या भिंती, टप, काच. डिकी उघडून स्टेपनी, जॅक आणि पाना दाखवा. स्टेपनी बदलून जुनी ठेवली जाते, ते महिन्यांनी पंक्चर झाल्यावर कळतं. म्हणून टायरवरचा नंबरही व्हिडिओत येऊ द्या. बॅटरीचंही तसंच. नेणाऱ्याचा आवाज व्हिडिओत असेल, ‘हो, हा ओरखडा आधीचा आहे’ एवढं जरी, तर पुढचा वाद तिथेच मिटतो.

गाडी अंधारात किंवा पावसात परत घेऊ नका. ओल्या पत्र्यावर ओरखडे दिसत नाहीत. धुऊन आणलेली गाडी दिसली की मॅट उचला, सीटखाली हात घाला, चाकाच्या कमानी चाचपा. काशीद, नागाव, दिवेआगर, गुहागर या किनाऱ्यांवर गाडी नेऊन रील काढायची हौस फार आहे, आणि खाऱ्या पाण्याचं नुकसान महिन्याभराने बाहेर येतं. आधी ब्रेकचा आवाज, मग वायरिंगचे जोड हिरवे पडणं.

मग स्वतः एक चक्कर मारा. ताम्हिणी किंवा आंबोलीच्या घाटात क्लच अर्धवट दाबून गाडी चढवली असेल तर जळक्या ब्रेक लायनिंगसारखा वास येतो. चढावर गिअर टाकून ॲक्सिलरेटर दिला आणि इंजिन नुसतं ओरडतंय, गाडी हलत नाही, तर क्लच प्लेट घसरतेय. खाली वाकून ऑइलचा थेंब पडतोय का तेही बघा, खडकावर आपटलेला चेंबर असाच सापडतो. हे सगळं झाल्याशिवाय ‘मिळाली’ दाबायचं नाही. वॉचमनकडे चावी ठेवून ऑफिसला जाणं तर नकोच. तपासणी त्याचं काम नाही आणि वाद झाला की बिचारा मधल्या मध्ये सापडतो.

गाडीतून सोसायटीचा स्टिकर, घराच्या जादा चाव्या, कप्प्यातली बिलं काढून ठेवा. स्क्रीनवरचा ‘घर’ म्हणून साठवलेला पत्ता आणि ब्लूटूथने आलेले फोन नंबरही पुसा. आरसी आणि विमा डिजिलॉकरमधून दाखवलेलं चालतं, मूळ कागद गाडीत ठेवायची गरज नाही.

माणूस न बघता गाडी देणं

बुकिंग एकाच्या नावावर आणि गाडी न्यायला दुसराच, असं झालं तर गाडी द्यायची नाही. लायसन्स मोबाइलमधल्या फोटोवरून न बघता डिजिलॉकर किंवा एमपरिवहनवर समोर उघडायला लावा, वर्ग आणि मुदत वाचा. अल्पवयीन मुलगा चालवताना सापडला तर कलम 199अ खाली मालकावरही कारवाई होते: 25 हजार दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, आणि नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द.

‘ॲपला कमिशन कशाला, थेट देऊ’ म्हणणाऱ्याला नको म्हणा. दरमहा ठराविक भाडं देतो म्हणून गाडी नेणाऱ्यापासून तर दोन हात दूरच राहा. पहिले दोन महिने पैसे वेळेवर येतात, मग फोन बंद, आणि गाडी परस्पर तिसऱ्याकडे गहाण ठेवलेली निघते. एक जीपीएस दिसेल असा आणि एक न दिसणारा, असे दोन बसवा. पहिला काढून फेकायला दोन मिनिटं लागतात.

गोव्याहून परतणाऱ्या गाडीचं वेगळं सांगायला हवं. गोव्यातली दारू महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे, आणि सावंतवाडीजवळ इन्सुलीच्या नाक्यावर राज्य उत्पादन शुल्क खातं गाड्या तपासतं. डिकीत खोके सापडले तर गाडी मुद्देमाल म्हणून जप्त होते. ती सोडवायला कोर्टाच्या पायऱ्या मालकालाच चढाव्या लागतात. भाडेकराराच्या कागदावर ही अट ठळक लिहून सही घ्या. निदान आपण सावधगिरी घेतली होती हे दाखवता येतं.

मागाहून येणारी चलनं आणि टोल

फास्टॅगमधले पैसे आपले कापले जातात, म्हणून गाडी जाताना शिल्लक लिहून ठेवा आणि परत आल्यावर हिशेब लगेच करा. चलन कधी कधी आठवड्यांनी दिसतं. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर कॅमेरे बसवलेले आहेत, त्यामुळे नंतरही दोन-तीनदा गाडीचा नंबर टाकून तपासा. चलनावर तारीख, वेळ आणि फोटो असतो. तो बुकिंगच्या वेळेशी जोडून त्याच दिवशी सेवेकडे तक्रार टाका. पोलिसांनी विचारलं तर तेव्हा गाडी कोण चालवत होतं हे सांगणं कलम 133 प्रमाणे मालकाचं कर्तव्य आहे, म्हणून प्रत्येक बुकिंगचा कागद जपा.

गाडी परत आलीच नाही तर

दोन तास उशीर म्हणजे घाटातली कोंडी असू शकते. फोन बंद, जीपीएस बंद आणि वेळ संपून रात्र झाली, तर सकाळची वाट बघू नका. सेवेला लेखी कळवा आणि पोलीस ठाण्यात जा. गाडी शेवटची कोल्हापुरात दिसली असली तरी पुण्यात तक्रार देता येते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हद्दीबाहेरच्या गुन्ह्याचीही नोंद घेण्याची तरतूद आहे. बुकिंगचा कागद, लायसन्सची प्रत, चावी देतानाचा व्हिडिओ, चॅट, जीपीएसचं शेवटचं ठिकाण, सगळं छापून न्या.

इथे बरेच मालक एका गोष्टीवर अडतात. चावी आपण स्वखुशीने दिलेली असते, त्यामुळे पोलीस हा प्रकार चोरीऐवजी विश्वासघाताचा, अपहाराचा म्हणून नोंदवू शकतात, आणि विमा कंपनी म्हणते की पॉलिसीत चोरी आहे, अपहार नाही. तक्रारीत जे घडलं तेच, क्रमाने लिहा. चोरी म्हणून रंगवून सांगितलं आणि मागाहून बुकिंग बाहेर आलं तर तपासही अडतो आणि दावाही. नोंद झाली की एफआयआरची प्रत त्याच दिवशी मागून घ्या, ती तक्रारदाराला मोफत मिळते. मग विमा कंपनी, बँक आणि आरटीओ या तिघांना लेखी कळवून फास्टॅग बंद करा. पण बंद करण्याआधी त्यातले टोलचे शेवटचे व्यवहार उतरवून तपास अधिकाऱ्याला द्या. गाडी कुठल्या दिशेने गेली ते टोलनाक्यांच्या नावांवरून कळतं.