मागची रांग आधी

राजगडाच्या संजीवनी माचीवरून संध्याकाळी तोरणा निळसर दिसतो, मोबाइलच्या फोटोत मात्र काळा ठिक्कर येतो. म्हणून डोंगरांचं चित्र काढताना फोटोवर विसंबू नका. खिशातल्या वहीत पेन्सिलीने पाच मिनिटांत डोंगररांगा आखा आणि प्रत्येकीवर रंग शब्दांत लिहा: ‘राखेसारखा’, ‘जांभळट, माथ्यावर ऊन’. घरी आल्यावर अल्ट्रामरीन (गडद निळा), थोडा बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि भरपूर पांढरा मिसळून सगळ्यांत मागची रांग आधी रंगवा. पुढच्या रांगांसाठी त्याच गोळ्यात पहिले दोन रंग चिमूट चिमूट वाढवत या. ट्यूबमधला काळा नकोच. माझे सुरुवातीचे दोन कॅनव्हास त्यानेच मळले. रंग ओला असतानाच रांगेची खालची कड कोरड्या ब्रशने पुसट केली, की दरीतलं धुकं वेगळं रंगवावं लागत नाही.