रिचार्जला पैसे नसले तरी अकाउंट आपल्याच हातात कसं ठेवायचं

ऑनलाइन सिक्युरिटीचा विषय निघाला की लोक लगेच पेड अँटीव्हायरस घ्या, व्हीपीएन (आपलं नेट दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरमधून फिरवणारं ॲप) घ्या, नवीन फोन घ्या असं सुरू करतात. महिन्याचा रिचार्ज मारतानाच दहा वेळा विचार करावा लागतो त्याला याचा काय उपयोग? ज्याने खरा फरक पडतो ते बहुतेक सगळं फुकट आहे, फक्त तासभर बसून करावं लागतं.

आधी नंबरचं बघा. बँक, आधार, जीमेल, व्हॉट्सॲप, गॅस बुकिंग सगळं एकाच मोबाईल नंबरवर लटकलेलं असतं आणि प्लॅन संपला, रिचार्ज नाही मारला की काही दिवसांनी इनकमिंग पण बंद, म्हणजे ओटीपी पण बंद. तसंच बरेच महिने राहिलं तर कंपनी नंबर काढून घेते, आणि नंबर बंद झाल्यावर ९० दिवस गेले की तो दुसऱ्या कोणाला पण मिळू शकतो, मग तुमच्या बँकेचे मेसेज त्याच्या फोनवर. त्यामुळे दोन सिम असतील आणि एकच परवडत असेल तर कुठलं ठेवायचं ते आत्ताच ठरवा, आणि दुसऱ्यावर ओटीपी येतोय तोवरच बँकेत, आधारला नंबर बदलून घ्या, व्हॉट्सॲपमध्ये पण 'चेंज नंबर' आहे. नंतर बघू म्हणालात की अडकलात.

जीमेलला टू-स्टेप (पासवर्डनंतर अजून एक कोड मागतं ते) चालू करा आणि तिथेच बॅकअप कोड मिळतात ते कागदावर लिहून रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा. रिचार्ज नसला, फोन हरवला, तरी पासवर्ड आणि त्यातला एक कोड टाकून अकाउंट उघडतं. एक कोड एकदाच चालतो, वापरला की खोडायचा. असा कोड फोनमध्येच बनवून देणारं गूगल ऑथेंटिकेटर ॲप पण फुकट आहे आणि त्याला सिम, नेट काहीच लागत नाही. व्हॉट्सॲपला सहा आकडी पिन टाका, जन्मतारीख सोडून काहीही.

सेकंडहँड फोन घेताना पैसे द्यायच्या आधी *#०६# डायल करा, पंधरा आकडी आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख नंबर, येतो. केवायएम, मग स्पेस, मग तो नंबर असा मेसेज १४४२२ ला टाका (केवायएम इंग्रजी अक्षरांत), फोन चोरीचा वगैरे नाही ना ते कळतं. ब्लॅकलिस्टेड किंवा डुप्लिकेट आलं तर कितीही स्वस्त असू दे, सोडून द्या. नाही आलं तर विकणाऱ्याला समोर बसवून त्याचं गूगल अकाउंट काढायला लावा आणि मगच रिसेट करा, कारण अकाउंट तसंच ठेवून रिकव्हरीतून (सेटिंगमध्ये न जाता, बटणं दाबून) रिसेट मारला तर फोन चालू होताना जुन्याच माणसाचा पासवर्ड मागत बसतो आणि तोवर तो फोन उचलत नसतो. सेटिंगमध्ये सिक्युरिटी अपडेटची तारीख पण बघा. दोन-तीन वर्षं जुनी असेल, म्हणजे फोन हॅक व्हायला सोपा, आणि दुसरा फोन परवडणारच नसेल तर वेगळ्या बँकेत झीरो बॅलन्स खातं काढून यूपीआय फक्त त्यालाच जोडा, त्यात हजार-पाचशे ठेवा. गेलेच तर तेवढेच जातील.

आता झेरॉक्सवाला. प्रिंटर घरी नाही म्हणून आपण त्याच्या व्हॉट्सॲपवर आधार पाठवतो, प्रिंट घेतो, पाच रुपये देतो आणि निघतो. फाईल मात्र त्याच्या कॉम्प्युटरच्या डाउनलोड्समध्ये पडलेली असते, तिथे गावातल्या अर्ध्या लोकांची आधार, पॅन, सातबारा आधीच असतात. तो माणूस चांगलाच असेल हो, पण त्या कॉम्प्युटरवर दिवसभर कोण कोण बसतं? आधारच्या साइटवरून मास्क्ड आधार काढा, त्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात, जिथे चालत असेल तिथे तेच द्या. पूर्णच लागत असेल तर प्रिंट झाल्यावर तिथेच उभं राहून डिलीट करायला सांगा, रीसायकल बिनमधून पण. मागे रांग असली तरी लाजायचं नाही.

पैसे नसताना सगळ्यात जास्त फसवतात ती इन्स्टंट लोन ॲप. पाच मिनिटांत तीन हजार देतात आणि त्या बदल्यात कॉन्टॅक्ट, फोटो सगळ्याची परमिशन घेतात, मग हप्ता चुकला की तुमच्या मामाला, शेठला, शेजाऱ्याला घाणेरडे मेसेज. २०२२ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांत लोन ॲपने कॉन्टॅक्ट, कॉल लॉग, गॅलरीला हात लावायचाच नाही असं आहे, म्हणजे कॉन्टॅक्ट मागितले की तिथेच अनइन्स्टॉल. बचत गट, पतपेढी हळू देते पण तुमच्या मामाला मेसेज करत नाही.

बाकी, व्हॉट्सॲपवर चलन, पीएम किसान, लग्नपत्रिका कसलीही एपीके फाईल (उघडली की फोनमध्ये ॲप टाकणारी) आली तर उघडायची नाही, ओळखीच्या नंबरवरून आली तरी. आणि फुकट व्हीपीएन टाकू नका, त्यापेक्षा काहीच नसलेलं बरं.

पैसे गेलेच तर आधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करा आणि लगेच बँकेला, जेवढं लवकर तेवढी रक्कम पुढे जायच्या आत अडवली जायची शक्यता जास्त. तक्रार नंबर मिळेल तो लिहून ठेवा, तो घालून बँकेत लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या कॉपीवर शिक्का, तारीख, सही घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका, 'उद्या या' म्हणाले तरी.